सँडविच सगळ्यांचं, सुरी वेगळी

घरात कुणाला ग्लूटेन (गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन) वर्ज्य झालं, की सगळ्यात आधी सँडविच हद्दपार होतं, असं या वेळच्या बहुतेक पत्रांवरून दिसतं. सँडविच सोडायची मुळीच गरज नाही. ब्रेडचा स्वभाव बदलला आहे एवढं ओळखलं आणि चुऱ्याचा बंदोबस्त केला, की एकाच टेबलावर सगळ्यांना सुखाने खाता येतं. पत्रं थोडक्यात दिली आहेत; उत्तरं मात्र गरजेप्रमाणे लांब-आखूड आहेत.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅक (ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असल्याचं तीन महिन्यांपूर्वी कळलं. बाकी आम्ही तिघं गव्हाचाच ब्रेड खातो. तिच्यासाठी वेगळा ब्रेड आणतो, पण सँडविच एकाच ओट्यावर, एकाच सुरीने होतात. एवढ्या-तेवढ्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो किती पडतो याचा हिशोब एकदा मांडून बघा. गव्हाच्या ब्रेडची एक स्लाइस साधारण ३० ग्रॅमची असते. तिच्यात सुमारे २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. सीलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन निभावतं असं मानलं जातं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं, तर काही महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा दिसू लागते. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा दोनशेवा भाग. ब्रेड कापून झाल्यावर पाटावर उरलेला चुरा बोटाने गोळा करून पाहा. जेमतेम चिमूटभर भरेल, आणि दिवसाची मर्यादा गाठायला तेवढा पुरतो. खाल्ल्यावर तिचं पोट दुखलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. आतली इजा काही लक्षण न दाखवताही होत राहते.

म्हणून चार वस्तू तिच्या वेगळ्या हव्यातच : टोस्टर, कापायचा पाट, दातेरी सुरी आणि भांडी घासायचा स्पंज. टोस्टरच्या तळाशी आणि जाळीत जुना चुरा अडकून बसतो, तो कितीही झटकला तरी पूर्ण निघत नाही. लाकडी पाटाच्या चरांचंही तसंच. सँडविच-ग्रिलच्या खाचा असलेल्या प्लेटा घासून खात्रीने साफ होत नाहीत. तो नवा घेणं जमत नसेल तर तिचं सँडविच वेगळ्या सपाट तव्यावर भाजा. स्टीलची आणि काचेची भांडी मात्र साबण-पाण्याने नीट घासली की दोघांनाही चालतात. चटका दिला की ग्लूटेन जळून जातं, किंवा हाताला सॅनिटायझर लावलं की काम झालं, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ग्लूटेन हे प्रथिन आहे. ते घासून आणि धुऊनच काढावं लागतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बरण्यांत. गव्हाच्या स्लाइसवर फिरवलेली सुरी पुन्हा लोण्यात, जॅममध्ये, मेयोनीजमध्ये जाते आणि चुरा तिथे घर करतो. लोण्याच्या डब्याच्या कडेला तपकिरी कण दिसतात ना, तेच. यावर दोन उपाय आहेत : तिच्या बरण्यांना ठळक रंगाची चिकटपट्टी लावून त्या वरच्या खणात ठेवा, किंवा दाबून काढायच्या बाटल्या घ्या, म्हणजे सुरी आत जाण्याचा प्रश्नच येत नाही. वरचा खण मुद्दाम सांगितला, कारण चुरा वरून खाली पडतो. टेबलावरही हाच नियम : तिच्या ब्रेडच्या वर गव्हाचा ब्रेड धरून कापू नका.

करायचा क्रमही ठरवून टाका. ओटा ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा, तिचं सँडविच सगळ्यात आधी करा, झाका, बाजूला ठेवा, मग बाकीच्यांची करा. आणि आमचं एक ठाम मत आहे : आतलं सारण सगळ्यांसाठी एकच ठेवा आणि ते पूर्ण ग्लूटेनमुक्त असू द्या. एका मोठ्या वाडग्यात सारण, त्यात एकच स्वच्छ चमचा, आणि तो चमचा ब्रेडला टेकवायचा नाही. वरून सोडायचं, मग ज्याने त्याने आपल्या सुरीने पसरायचं. फक्त बाहेरची स्लाइस बदलते, चव सगळ्यांची एकच राहते. नऊ वर्षांच्या मुलीला ‘तुझं वेगळं’ हे वाक्य दिवसातून जितक्या कमी वेळा ऐकावं लागेल तितकं चांगलं.

घरात गव्हाचं सुटं पीठ उडत असेल, तर त्या वेळी आणि त्यानंतर काही तास तिचं काही उघडं ठेवू नका. हवेतलं पीठ सावकाश खाली बसतं.

प्रश्न : घरी ग्लूटेनमुक्त ब्रेड तीनदा केला. पहिला विटेसारखा, दुसरा वर फुगून मधे बसला, तिसरा बाहेरून छान पण आत गिजगिजा. तांदळाचं पीठ आणि टॅपिओका स्टार्च वापरते. चूक कुठे होते?

तीन वेळा तीन वेगळे दोष आले, म्हणजे तीन वेगळ्या चुका झाल्या. गव्हाच्या पिठात ग्लूटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं पाण्याशी मिळून लवचिक जाळं तयार करतात आणि यीस्टचा वायू त्या जाळ्यात अडकतो. तांदळाच्या पिठात हे जाळं नाही. त्यामुळे वायू धरून ठेवायला दुसरं काहीतरी घालावं लागतं, आणि घरी सगळ्यात भरवशाचं म्हणजे इसबगोलाचा भुसा. तो पाणी शोषून घट्ट जेली होतो, आणि ही जेलीच इथे जाळ्याचं काम करते.

साधारण २१ बाय ११ सेंटिमीटरच्या एका टिनसाठी हे प्रमाण घ्या : तांदळाचं बारीक पीठ २०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च १२० ग्रॅम, इसबगोलाचा अख्खा भुसा २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, व्हिनेगर दोन चहाचे चमचे, दोन अंडी आणि ४०० मिलिलिटर कोमट पाणी. सगळं वजनावर घ्या. भुसा इतका हलका असतो की कपाने मोजलात तर एका वेळी १२ ग्रॅम येईल, दुसऱ्या वेळी २०, आणि ब्रेडचा सगळा खेळ त्यावरच आहे. भुशाऐवजी त्याची पूड असेल तर १७ ग्रॅम पुरे.

भुसा कोमट पाण्यात फेटून पाच मिनिटं ठेवा. चमचा उभा धरला तर जेलीतून तो हळूच कलंडेल इतकी ती दाट झाली पाहिजे. पीठ, स्टार्च, साखर, मीठ, यीस्ट कोरडंच एकत्र करा. त्यात जेली, अंडी, तेल, व्हिनेगर घालून मिक्सरच्या जाड दांड्याने किंवा लाकडी चमच्याने चार-पाच मिनिटं जोर लावून घोटा. हे मिश्रण कणकेसारखं होत नाही. चमच्यावरून ढेकळा-ढेकळाने पडेल असं जाड, चिकट राहतं, आणि ते तसंच राहू द्यायचं. इथेच हात थरथरतो, अजून थोडं पीठ घालावंसं वाटतं. घालू नका. तुमचा पहिला ब्रेड विटेसारखा झाला तो बहुधा याच मोहाने : पाणी कमी पडलं की भुसा फुगायला आणि स्टार्च शिजायला ओल उरत नाही.

टिनला कागद लावा, मिश्रण भरा, ओल्या हाताने वरचा भाग गुळगुळीत करा. ग्लूटेनमुक्त ब्रेड एकदाच फुगवायचा. फुगलेलं मिश्रण दाबून पुन्हा फुगवलं तर पुन्हा तितका वायू धरला जात नाही. उबदार जागी झाकून ४५ ते ६० मिनिटं ठेवा. घड्याळापेक्षा टिनकडे लक्ष द्या : मिश्रण मूळच्या दीडपट झालं, टिनच्या काठाखाली सेंटिमीटरभर राहिलं, की ओव्हनमध्ये. काठाच्या वर येईपर्यंत थांबलात तर जेलीच्या भिंती ताणून पातळ होतात आणि उष्णता लागताच कोसळतात. तुमचा दुसरा ब्रेड मधे बसला तो असा.

आधी तापवलेल्या २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ३५ मिनिटं भाजा, मग टिनमधून काढून १९० अंशांवर नुसत्या जाळीवर आणखी १५ ते २० मिनिटं. दुसरा टप्पा टाळू नका. टिनच्या आत बाजू वाफेने ओल्याच राहतात आणि गार होताना आत खचतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९७ अंश दिसले पाहिजेत. वरचा रंग आला की झालं असं धरून चालत नाही, कारण रंग पुष्कळ आधी येतो.

आणि मग तीन तास जाळीवर गार करायचा. गरम ब्रेडचा वास घरभर सुटलेला असताना तीन तास थांबणं कठीण आहे खरं, पण आतला स्टार्च गार होतानाच घट्ट बसतो. आधी कापला तर सुरीला चिकट लेप बसतो आणि आतली वाफ निघून जाऊन उरलेला ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. तिसऱ्या ब्रेडचा गिजगिजेपणा एकतर कमी भाजल्याने किंवा घाईने कापल्याने आला. टॅपिओका प्रमाणाबाहेर पडला तरीही ब्रेड असाच चिवट होतो.

अंडं नको असेल तर त्याऐवजी ७५ मिलिलिटर पाणी आणि ४ ग्रॅम झँथन गम (मिश्रण बांधून ठेवणारी पूड) घाला. ब्रेड थोडा बुटका होईल, पण स्लाइस नीट कापता येतील. आतून कधी जांभळट छटा आली तर घाबरू नका, काही भुशांमुळे ती येते आणि खायला काहीच अडचण नसते. तांदळाचं पीठ दाताखाली कचकचत असेल तर ते जाडसर दळलेलं आहे. आणि दळण्याचा विषय निघालाच आहे तर : ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथून आणलेलं ज्वारी किंवा तांदळाचं पीठ सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाला चालत नाही. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहिलेलं असतंच. घरी छोटी चक्की असेल तर ती गव्हासाठी अजिबात वापरू नका, नाहीतर ‘ग्लूटेनमुक्त’ असं छापलेलंच पीठ आणा.

प्रश्न : डब्यातलं सँडविच दुपारपर्यंत एकतर भिजून लगदा होतं किंवा उचललं की तुकडे पडतात. मुलगा अर्धं तसंच परत आणतो.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच : या ब्रेडला ताण सोसवत नाही. तो वाकत नाही, मोडतो. आणि आतला स्टार्च मोकळा असल्याने ओल पटकन शोषतो.

स्लाइस १२ ते १३ मिलिमीटर जाड ठेवा. पातळ कापलेली तुटते, जाड कापलेली कोरडी घास अडकवते. दोन्ही स्लाइस हलक्या भाजा आणि जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. ताटलीत ठेवलात तर खालून वाफ धरून भाजण्याचा उपयोग शून्य. भाजलेल्या बाजू आत घ्या. मग लोणी, अगदी कडेपर्यंत, स्लाइसला एक चहाचा चमचा. हे लोणी चवीपेक्षा बांधाचं काम करतं. ओल ब्रेडपर्यंत पोचू देत नाही. मधे लावून कडा कोरड्या सोडल्या तर पाणी तिथूनच शिरतं.

काकडीच्या दोन मिलिमीटरच्या चकत्यांना चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ फडक्यात दाबून घ्या. निघालेलं पाणी पाहून आश्चर्य वाटेल. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून फक्त भिंतीचा भाग वापरा. तीन तासांहून जास्त वेळ जाणार असेल तर टोमॅटो वेगळ्या डबीतच द्या. थर असे लावा : स्लाइस, लोणी, चीज किंवा कोरडं पान, मधे ओलसर सारण, पुन्हा पान, लोणी, स्लाइस. सारण एका सँडविचला ६० ते ७० ग्रॅम, त्याहून जास्त घातलं की चावताना ते मागून बाहेर येतं आणि ब्रेड त्याच्याबरोबर फाटतो.

सुट्या तुकड्यांपेक्षा बांधलेलं सारण या ब्रेडला मानवतं. उकडलेले छोले १२० ग्रॅम, एक मोठा चमचा तेल, लिंबाचा रस, मीठ, मिरपूड : काट्याने अर्धवट ठेचा, दोन सँडविचना पुरेल. उकडलेली दोन अंडी आणि दोन मोठे चमचे चक्का हेही तसंच. सँडविच कागदात घट्ट गुंडाळा, दहा मिनिटं तसंच ठेवा म्हणजे थर एकमेकांना धरतात, आणि मग कागदासकट दातेरी सुरीने कापा. मुलाने कागद सोलत सोलत खायचं. हात आणि ब्रेड यांच्यामध्ये कागद राहिला की बाकावरच्या चुऱ्याचीही काळजी मिटते.

प्रश्न : ब्रेड फ्रिजमध्ये ठेवते तरी दुसऱ्या दिवशी कडक होतो. जास्त थंड करू का?

फ्रिजमधूनच बाहेर काढा. ब्रेड शिळा होतो तो मुख्यतः शिजलेला स्टार्च पुन्हा आवळून घट्ट होत गेल्याने, आणि ही क्रिया फ्रिजच्या चार-पाच अंशांत सगळ्यात वेगाने होते. ग्लूटेनमुक्त ब्रेड जवळजवळ स्टार्चचाच, म्हणून तो गव्हाच्या ब्रेडच्या आधी कडकतो. ज्या दिवशी केला त्याच दिवशी कापा, दोन-दोन स्लाइसमध्ये कागदाचा तुकडा घाला, हवाबंद पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. दोन महिने चांगला राहतो. लागतील तेवढ्याच स्लाइस काढून थेट टोस्टरमध्ये टाका. उष्णतेने आवळलेला स्टार्च पुन्हा सैल होतो आणि ब्रेड मऊ लागतो, पण गार झाला की पुन्हा कडकतो. म्हणून डब्यासाठी लोणी सढळ हाताने लावा.

तव्यावर भाजताना एक लक्षात ठेवा : या ब्रेडमध्ये प्रथिनं कमी, त्यामुळे रंग उशिरा येतो. आच वाढवू नका, मंद आचेवर झाकण ठेवून एकेक बाजू चार मिनिटं द्या. चीज वितळेल आणि बाजूही कुरकुरीत होईल.

प्रश्न : ‘व्हीट फ्री’ लिहिलेला ब्रेड चालेल ना? आणि ओट्सचं काय? लेबल वाचून डोकं फिरतं.

‘व्हीट फ्री’ म्हणजे गहू नाही, एवढंच. त्यात बार्ली किंवा राय असू शकतं, आणि त्या दोन्हींतही सीलिअ‍ॅकला वर्ज्य असलेली प्रथिनं आहेत. शोधायचा शब्द ‘ग्लूटेन फ्री’. अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याचा अर्थ किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही. घटकांच्या यादीत माल्ट, माल्ट अर्क, माल्ट व्हिनेगर, बार्ली, राय, स्पेल्ट, रवा, सेतान दिसलं की पाकीट परत फळीवर ठेवा. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, हे सँडविच करणारे हमखास विसरतात. सॉस, तयार मांसाचे काप, किसलेलं चीज यांची लेबलं दर वेळी वाचा, कारण कृती न सांगता बदलतात. बकव्हीट मात्र खुशाल आणा. नावात व्हीट असलं तरी गव्हाशी त्याचं नातं नाही.

क्वचित ‘ग्लूटेन फ्री’ ब्रेडमध्ये गव्हाचा स्टार्च असतो, त्यातलं ग्लूटेन काढून टाकलेलं. सीलिअ‍ॅकला तो चालतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर अजिबात नाही.

ओट्सची अडचण बहुतेकदा सरमिसळीची असते : शेतात, वाहतुकीत, दळताना गहू-बार्ली मिसळते. म्हणून फक्त ग्लूटेनमुक्त छाप असलेले ओट्स. तेही सुरुवातीला टाळा, तब्येत सावरल्यावर डॉक्टरांना विचारून थोड्या प्रमाणात सुरू करा, कारण मोजक्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

प्रश्न : यजमानांना गहू सोडल्यापासून बरं वाटतं. तपासणी केलेली नाही. सगळ्या घरानेच ग्लूटेन सोडावं का?

आधी तपासणी. सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीत शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजतात, आणि ग्लूटेन बंद केल्यावर ती उतरत जातात. म्हणजे पथ्य आधी आणि तपासणी नंतर केली तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. पुन्हा किती दिवस आणि किती गहू खाऊन तपासायचं ते डॉक्टरच ठरवतील. निदान महत्त्वाचं अशासाठी की सीलिअ‍ॅक असेल तर पथ्य आयुष्यभराचं आणि चुऱ्यापर्यंत काटेकोर. शिवाय जवळच्या नातलगांचीही तपासणी करून घ्यावी लागते. नुसती संवेदनशीलता असेल तर पुष्कळ मोकळीक मिळते.

बाकी घराने सोडायची वैद्यकीय गरज नाही. बाजारच्या ग्लूटेनमुक्त ब्रेडमध्ये अनेकदा तंतू, लोह, फॉलिक अ‍ॅसिड कमी असतं. ती कसर सारणातून भरून काढा : डाळी, छोले, अंडी, हिरवा पाला, तीळ. आठवड्यात एक संध्याकाळ मात्र सगळ्यांनीच ग्लूटेनमुक्त सँडविच खावं असं आम्ही सुचवू. त्या दिवशी दोन सुऱ्या, दोन पाट काही नाही, कुणाचाही हात कुठेही जाऊ शकतो.

प्रश्न : ब्रेडशिवाय काही?

रताळ्याच्या सेंटिमीटरभर जाड उभ्या चकत्या २०० अंशांवर २५ मिनिटं भाजा, मधे एकदा उलटा. उघडं सँडविच झकास होतं. लेट्यूसची मोठी पानं दुहेरी घेऊन त्यात सारण गुंडाळता येतं, पण पानं पूर्ण कोरडी हवीत. तांदळाच्या फुगवलेल्या चकत्यांवर सारण खायच्या क्षणीच ठेवा, पाच मिनिटांत त्या चामट होतात.

प्रश्न : फसलेला ब्रेड टाकवत नाही.

टाकू नका. कच्चट राहिला असेल तर सेंटिमीटरभर जाड स्लाइस कापून १५० अंशांवर ३० ते ४० मिनिटं, म्हणजे मोडताना टक्‌ आवाज येईपर्यंत वाळवा. गार झाल्यावर मिक्सरमधून जाडसर चुरा काढा. टिक्क्या बांधायला, भाज्यांवर पसरून भाजायला तो गव्हाच्या चुऱ्याइतकाच उपयोगी पडतो. कोरड्या बरणीत महिनाभर टिकतो. बरणीला रंगीत पट्टी लावायला विसरू नका. दिसायला दोन्ही चुरे अगदी सारखे असतात.